दुःखाची बोली जाणणारा

दुःखाला स्वतःची अशी एक बोली असते आणि ती ज्याच्या त्याच्या घरची असते. आमच्या भागातील माणूस मनाच्या पीडेविषयी बोलू लागला, की ‘मला नैराश्य आले आहे’ असे तो कधीच म्हणत नाही. ‘जीव कशातच लागत नाही’, ‘छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत वाटतं’, ‘डोक्यात सारखं जातं फिरतं’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ अशी त्याची भाषा असते. कुणी आपल्याला बाहेरची बाधा झाली आहे असे सांगतो, तर कुणी मनाविषयी चकार शब्द न काढता केवळ पोटदुखीचे गाऱ्हाणे मांडतो. नैराश्य, चिंताविकार हे शब्द वर्तमानपत्रातून आपल्या उंबरठ्यापर्यंत आले आहेत. घरात त्यांनी अद्याप बिऱ्हाड केलेले नाही. म्हणून ज्याला या माणसांना बरे करायचे आहे त्याला आधी त्यांची बोली कळली पाहिजे. ती कुणाला कळते आणि कळणारी माणसे उपचाराच्या खुर्चीवर का दिसत नाहीत, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे अस्वस्थ केले आहे.

धर्मगुरूचा या प्रश्नाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. ज्यांना दवाखान्याची पायरी चढण्याची लाज वाटते ती माणसे देवळाची पायरी विनासंकोच चढतात. एकच क्षुल्लक पाप पुन्हापुन्हा निवेदन करणारी, क्षमा मिळाली तरी तिच्यावर विश्वास न बसणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांच्यापैकी काहींचे दुखणे पापाचे नसते, ते मनाच्या एका आजाराचे असते. पापाला क्षमा हवी, आजाराला उपचार हवा. या दोहोंत गल्लत झाली तर संस्काराचाही अवमान होतो आणि माणसाचेही नुकसान होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात मेंढपाळी सेवेसाठी ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचाही उपयोग करावा, असे स्पष्ट सुचवले आहे. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या जोडीला मानसशास्त्राचीही तोंडओळख करून देण्यात आली. तथापि तोंडओळख म्हणजे विद्या नव्हे. आपण कुठे थांबावे आणि कुणाकडे बोट दाखवावे एवढे त्या ओळखीने कळते. अडचण उभी राहते ती बोट दाखवल्यानंतर.

पनवेल हे एकेकाळी तांदळाच्या आणि मिठाच्या व्यापाराचे बंदर. मुंबई-पुणे वाटेवरचा हा गाव आता महानगराच्या पोटात गेला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निघाल्या. १९८४ च्या जानेवारीत त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळासाठी ज्या गावांनी आपली घरे व देवळे सोडली, त्या गावांतील म्हातारी माणसे आज सिमेंटच्या नव्या वसाहतींत बसून जुन्या खाडीची दिशा बोटाने दाखवीत असतात. जागा गेली, पैसा आला, पैसा संपला आणि मागे राहिली ती रिकामी दुपार. या रिकाम्या दुपारींतून किती व्यसने आणि किती निद्रानाश उगवले याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर सापडायची नाही.

याच तालुक्यात डोंगराच्या कुशीला कातकरी वाड्या आहेत. पूर्वी खैराच्या झाडापासून कात पाडणारा हा समाज आता वर्षातील कित्येक महिने वीटभट्टीवर राबतो. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना शासनाने विशेषतः दुर्बल आदिवासी गटांत केली आहे, त्यांपैकी ही एक. अन्य दोन कोलाम व माडिया गोंड. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मराठवाड्यातून आलेले हमाल आहेत, महामार्गावर उत्तरेकडचे ट्रकचालक आहेत, इमारतींच्या बांधकामावर देशभरातील मजूर आहेत. आमच्या देवळात रविवारी उरणचे ईस्ट इंडियन, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि जालना-बीडकडचे भाविक एकाच बाकावर बसतात. एवढ्या बोलींच्या या गावात मनाच्या व्यथा ऐकायला शिकलेले कान किती, आणि ते कुणाचे?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्या घरांतून या बाबतीत बराच गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याला आपण इंग्रजी नावाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, तो औषधे देत नाही. तो मनाची तपासणी करतो, बुद्धिमापनाच्या व इतर चाचण्या घेतो आणि संवादाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींनी उपचार करतो. त्याचे हत्यार म्हणजे शब्द. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला रोग्याची बोली आली नाही तर जेवढे बिघडते, त्याहून कितीतरी अधिक येथे बिघडते.

अशी माणसे देशात किती आहेत? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार भारतात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.२९ आणि मानसशास्त्रज्ञांचे ०.०७ इतके होते. म्हणजे एक कोटी माणसांमागे सात! बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी दहांतील एकाहून किंचित अधिक व्यक्तींना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे दिसले. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचेही आढळले. संख्येचा हा तुटवडा सर्वांनाच दिसतो. त्या सातांमध्ये कोण आहेत, हा दुसरा तुटवडा मात्र सहसा कुणी मोजत नाही.

वाट कशी आहे ते पाहू. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी व्हावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. नोंदणीसाठी बी.ए., मग एम.ए. आणि त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. ही वर्षानुवर्षांची रूढ वाट. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत सवलत दिली गेली आणि परिषदेने पदवी स्तरापासूनचे नवे अभ्यासक्रम आखले. वाटेचे नाव बदलत आहे, चढ मात्र तोच राहण्याचा धोका आहे. जागा थोड्या, संस्था मोठ्या शहरांत, प्रवेशपरीक्षा व पुस्तके इंग्रजीत, खासगी संस्थांचे शुल्क लाखांच्या घरात, आणि पूर्णवेळ शिक्षणामुळे नोकरी करून शिकण्याची सोय नाही. ज्या घरात बाविसाव्या वर्षी मुलाने कमावते व्हावे अशी परिस्थितीच असते, त्या घरातील मूल या चढावर कुठे थांबेल हे सांगायला ज्योतिषी नको. कुणी कुणाला दारातून हाकलले नाही. दारच इतके उंचावर बसवले की काही जणांचाच हात कडीपर्यंत पोहोचावा.

याचा परिणाम काय होतो ते मी एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगतो. त्यांची अनुमती घेतली आहे. नावगाव मात्र सांगणार नाही. दुष्काळात मराठवाडा सोडून आलेले हे दलित ख्रिस्ती कुटुंब. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. थोरला मुलगा अठराव्या वर्षी एकाएकी गप्प झाला, जेवेना, रात्री उठून दाराशी बसू लागला. नातेवाइकांनी बाधा म्हटले, शेजाऱ्यांनी भगताचे नाव सुचवले. शेवटी आई त्याला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाई सुविद्य आणि मृदू स्वभावाच्या होत्या; परंतु त्यांना मराठी येत नव्हते आणि आईला हिंदी जेमतेम समजत होते. तेव्हा सोबत आलेली पंधरा वर्षांची धाकटी बहीण दुभाषी झाली. घरात भांडणे होतात का? वडील मारतात का? मुलाने कधी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला का? हे प्रश्न त्या पोरीने आईला विचारायचे आणि आईची उत्तरे त्या बाईंना सांगायची. आईने सगळ्यांना ‘नाही’ म्हटले. लेकीच्या तोंडून वदवायला नको म्हणून ती माउली खोटे बोलली. दोन महिन्यांपूर्वी मुलाने विहिरीवर जाऊन काय केले होते ते त्या कागदावर लिहिलेच गेले नाही. देवाच्या कृपेने पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांकडे, मराठीतून, ती गोष्ट बाहेर आली आणि मुलगा आज औषधोपचाराने कामाला जातो. पण तो मधला काळ कसा गेला ते त्या घरालाच ठाऊक.

या प्रसंगात त्या मानसशास्त्रज्ञ बाईंना दोष देता येत नाही. त्यांनी आपले काम मनापासून केले. उणीव होती ती त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीची, जिच्यावर त्या आईची बोली आणि तिची भीती आतून ओळखणारे कुणीतरी बसायला हवे होते.

मनाचे मोजमाप करणारी फूटपट्टीसुद्धा कुणाच्या तरी घरातच तयार होते, हे या शास्त्रातील शहाण्यांनी फार पूर्वी ओळखले होते. परदेशात तयार झालेली बुद्धिमापन चाचणी इथल्या मुलांना तशीच लावणे अन्यायाचे, हे जाणून डॉ. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली. ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून ती पुढे देशभर वापरली गेली. नंतर नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी अशीच एक श्रेणी सिद्ध केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर या दोन नावांचा उल्लेख अनेक पालकांनी पाहिला असेल. चाचणी आपल्या मातीत रुजवली पाहिजे हे जर पटते, तर चाचणी घेणारी माणसेही या मातीच्या सर्व थरांतून यावीत, हे पटायला जड का जावे?

पवित्र शास्त्रातील एक प्रसंग मला या संदर्भात फार मार्गदर्शक वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या आद्य ख्रिस्तसभेतील एक तक्रार नोंदली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. वाटप करणारे इब्री बोलणारे होते. त्यांच्या मनात पाप होते असे शास्त्र म्हणत नाही. पण ज्यांची भाषा वेगळी त्यांच्या पानात कमी पडत होते. यावर प्रेषितांनी काय केले? अधिक निःपक्षपाती राहण्याचा उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांनी सात माणसे निवडून घेतली आणि त्यांच्यावर हात ठेवले. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव: ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यातलीच माणसे, असा अर्थ अभ्यासक काढतात. आणि निवडीची कसोटी शिथिल केली का? मुळीच नाही. ज्ञान, सुकीर्ती आणि पवित्र आत्मा या तिन्ही अटी कायम राहिल्या. पुढे त्याच सातांतील स्तेफन ख्रिस्तसभेचा पहिला हुतात्मा झाला. जो पंगतीत वाढण्यासाठी नेमला गेला त्यानेच सर्वांत आधी प्राण वेचला.

हा धडा आपली ख्रिस्तसभा पुढे नेहमी स्मरत राहिली असे मात्र इतिहास सांगत नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो या बुद्धिमान तरुणाला धर्मगुरुपदाची वाट आपल्या भूमीत बंद दिसली, म्हणून तो थेट रोमला गेला. तेथे त्याला दीक्षा मिळाली आणि १६३७ साली त्याचा बिशप म्हणून अभिषेक झाला. लॅटिन विधीतला तो पहिला भारतीय बिशप. तरी आपल्याच मुलखात त्याचा अधिकार मानायला राज्यकर्ते तयार नव्हते. दीडशे वर्षांनी, १७८७ साली, गोव्यात पिंटोंचे बंड झाले. त्यात देशी धर्मगुरू होते आणि उच्च पदे आपल्याला नाकारली जातात हे त्यांचे शल्य होते. मुंबईच्या महाधर्मप्रांताला व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या रूपाने पहिले भारतीय महागुरुस्वामी लाभले ते १९५० साली.

परंतु परकीयांनी दार लावले एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. त्याच गोव्यात काही धर्मसंघांची दारे एकेका जातीपुरतीच उघडी होती आणि ती बंद करणारे हात आपलेच होते. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि सभेच्या अंगणातही जातिभेद असल्याचे मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे दलित समाजातील पहिले कार्डिनल झाले. जी सभा स्वतः एवढ्या उशिरा शिकली, तिने इतरांना शहाणपण शिकवताना नम्र असावे हे खरेच. पण ज्याने ठेच खाल्ली त्याला रस्त्यातला दगड दाखवण्याचा अधिकारही असतोच.

आता एका आक्षेपाचा विचार करू, कारण तो प्रामाणिक आहे. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला विचारले, “फादर, करुणेला जात असते का? चांगला शोमरोनी जखमी माणसाच्या जातीचा होता का? मग रोग्याला आपल्याच समाजाचा मानसशास्त्रज्ञ पाहिजे, हा आग्रह कशासाठी?” प्रश्न बिनतोड वाटतो. कोळ्याने कोळ्यालाच आणि ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसालाच बरे करावे असे कुणी म्हणत असेल तर तो वेडेपणा होय. परक्याची सेवा हा तर सुवार्तेचा गाभा. तथापि तो दृष्टांत पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचावा. प्रभूचे श्रोते शोमरोन्यांना तुच्छ लेखीत असत. प्रभूला केवळ दया शिकवायची असती, तर जखमी माणूस शोमरोनी दाखवून कुणा सज्जन यहुद्याने त्याला उचलले असे सांगता आले असते. श्रोत्यांनीही माना डोलावल्या असत्या. प्रभूने उलट केले. ज्याला सारे हीन समजत होते त्याच्या हाती तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या दिल्या. त्याला बरे करणारा केले.

आपण गरिबांना, आदिवासींना, दलितांना नेहमी त्या जखमी माणसाच्या जागी पाहतो. त्यांच्यासाठी निधी जमवतो, शिबिरे भरवतो, औषधे वाटतो. हे सारे उत्तमच. पण त्यांच्यापैकी कुणी शोमरोन्याच्या जागी उभा राहील, आपल्या जखमा बांधील, आपल्या मुलांची मने तपासील, ही कल्पना अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. पाचर नेमकी इथे मारलेली आहे.

त्यांच्यात ती पात्रता आहे का, अशी शंका ज्यांना येत असेल त्यांनी गोव्याकडे आणि विदर्भाकडे पाहावे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तिने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून आरोग्य केंद्रांत नेमले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरकारी प्राथमिक केंद्रांत अशा समुपदेशकांमुळे नैराश्य व चिंतेचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. पुढे अमरावती जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातलीच माणसे घरोघर जाऊन बोलू लागली. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले.  ऐकणारा शेजारचा झाला, हा त्यातला मोठा फरक.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. गावच्या माणसाने आयुष्यभर अल्प मानधनावर स्वयंसेवक राहावे आणि पदवी, पद व पगार शहरातल्यांनी घ्यावा, असे होता कामा नये. स्वयंसेवकाच्या चटईपासून तज्ज्ञाच्या खुर्चीपर्यंत जिना असला पाहिजे. आणि खुर्ची मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. निवाडा न्यायालय करील. पण प्रवेश देणे आणि सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मृत्यूने सर्वांना बजावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येक रुग्णाला लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग वा अपंगत्व यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क प्रत्यक्षात उतरायचा तर उपचार करणाऱ्यांच्या रांगेतही हे सारे चेहरे दिसले पाहिजेत. बहिऱ्या मुलाशी हातांच्या खुणांनी बोलणारा हवा, वीटभट्टीवरच्या बाईची भाषा जाणणारी हवी आणि ट्रकचालकाला ज्याच्यापुढे रडायला संकोच वाटणार नाही असाही कुणी हवा.

वर ज्या धाकट्या बहिणीचा उल्लेख केला ती आता बी.ए. झाली आहे. विषय मानसशास्त्र. पुढे एम.ए. करून चिकित्सा मानसशास्त्राकडे वळण्याचा तिचा निश्चय आहे. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीतून तिला मदत द्यावी असा विषय समितीपुढे आला. तिची आई मला आदल्या दिवशी भेटली. “फादर, पोरगी शिकायचं म्हनती, पर ह्या शिक्षनानं पोटाला मिळंल का? नर्स झाली तर लगेच नोकरी हाय,” ती म्हणाली. तिची काळजी खोटी नव्हती. मुलगी शांतपणे म्हणाली, “आई, त्या दिवशी तू माझ्यामुळं बोलली नाहीस. दुसऱ्या कुणाच्या आईला तसं गप्प बसायला लागू नये.” यावर आई काही बोलली नाही, मीही नाही.

समितीत खल झाला. कुणी म्हणाले, एवढ्या रकमेत तीन मुले आय.टी.आय. करतील. कुणी गुणवत्तेचा मुद्दा काढला. तिचे गुण चांगले होते, पण इंग्रजी कच्चे होते. मी माझे मत मांडले: पंधराव्या वर्षी आईच्या आणि डॉक्टरच्या मधे उभे राहून जिने न बोललेले ऐकले, तिच्या गुणवत्तेला गुणपत्रिकेत रकाना नाही. एका निवृत्त शिक्षिकेने दोन वर्षे इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी घेतली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने प्रवासखर्च उचलला. निर्णय एकमताने झाला नाही, बहुमताने झाला. तीन जणांनी विरोध नोंदवला आणि त्यांच्या कारणांतही तथ्य होते. निधी लहान असला म्हणजे प्रत्येक होकाराच्या पोटात कुणाला तरी दिलेला नकार असतोच.

प्रिय वाचकहो, सरकार आणि विद्यापीठे त्यांचे काम करतील अथवा करणार नाहीत. आपल्या हाती जे आहे त्याकडे मात्र आपण पाहू शकतो. आपल्या मुलीने मानसशास्त्र घेतो म्हटले तर ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’ ही थट्टा घरात तरी थांबवू या. आपल्या धर्मप्रांतांच्या शाळा आहेत, रुग्णालये आहेत, समुपदेशन केंद्रे आहेत. तेथे समुपदेशक नेमताना सफाईदार इंग्रजीला जेवढे गुण देतो तेवढेच गुण रोग्याच्या बोलीला द्यायला कोणती हरकत आहे? शिष्यवृत्त्या देताना अभियांत्रिकी आणि परिचर्येच्या जोडीला या विषयाचे नाव छापायला किती शाई लागते? आणि मोठ्या शहरात शिकायला गेलेल्या अशा एखाद्या मुलाला रविवारी जेवायला बोलावणारे एक घर मिळाले, तर त्याचे शिक्षण अर्धवट सुटण्याची भीती किती कमी होईल!

पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा यरुशलेममध्ये जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या मायबोलीत ऐकली. सर्वांना एकच भाषा शिकवून देवाला हे काम सोपे करता आले असते. त्याने तसे केले नाही; सांगणाऱ्यांच्या जिभा बदलल्या, ऐकणाऱ्यांचे कान आहेत तसे राहू दिले. दुःख ऐकण्याच्या कामातही हाच क्रम योग्य आहे. त्या मुलीची एम.ए.ची पहिली परीक्षा येत्या काही आठवड्यांत आहे. तिच्यासाठी, तिच्या भावासाठी आणि जिला त्या दिवशी गप्प बसावे लागले त्या माउलीसाठी प्रार्थना करावी. आणि प्रार्थना आटोपली की आपल्या धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीची वही एकदा उघडून पाहावी.